हॉटेलातून माहिती फुटली, वऱ्हाडाने भरपाई मागितली: माझा अनुभव

पुतण्याच्या लग्नासाठी गोव्यातील एका हॉटेलात आमच्या वऱ्हाडाचा मुक्काम होता. मंडळी बेळगाव, खानापूर आणि चंदगडची. काउंटरवरच्या मुलाने प्रत्येकाच्या आधार कार्डाचे दोन्ही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले आणि खोलीचा क्रमांक लिहून ते पुढे पाठवून दिले. काही महिन्यांनी हॉटेलचा ई-मेल आला की, बुकिंगच्या यंत्रणेत बाहेरच्या कुणीतरी शिरकाव केला असून पाहुण्यांची नावे, फोन नंबर आणि ओळखपत्रांच्या प्रती बाहेर गेल्या असण्याची शक्यता आहे. फोन मात्र त्याआधीच सुरू झाले होते. बोलणाऱ्याला आमच्या मुक्कामाची तारीख आणि खोलीचा क्रमांक ठाऊक असे, आणि ‘डिपॉझिट परत करायचे आहे’ असे सांगून तो ओटीपी मागत असे. त्यात खानापूरच्या आमच्या आतेभावाच्या खात्यातून पैसे गेले; त्याने सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवली. बाकीच्यांचा एक रुपयाही गेला नाही, आणि पुढे सगळे प्रकरण याच फरकाभोवती फिरले.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या वकीलसाहेबांनी आधी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43अ तपासले. संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीकडून त्याखाली भरपाई मागता येते. परंतु 2011 च्या नियमांतील संवेदनशील माहितीच्या यादीत पासवर्ड, बँक व कार्डाचा तपशील, आरोग्य आणि बायोमेट्रिक माहिती आहे, नाव, पत्ता किंवा आधार क्रमांक नाही. शिवाय त्याची सुनावणी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे आम्हाला बेंगळुरू गाठणे आले. 2023 च्या नव्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई देण्याची सोय त्यात नाही, उलट हे 43अ कलम वगळण्याची तरतूद मात्र आहे. परदेशातही दंडाचे असेच असते. मॅरियट या हॉटेल कंपनीने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेल्या प्रकरणात जगभरातील सुमारे 33.9 कोटी पाहुण्यांच्या नोंदी उघड झाल्याचा अंदाज होता आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2020 साली 184 लाख पौंडांचा दंड केला, पण पाहुण्यांना भरपाईसाठी न्यायालयात वेगळे दावे करावे लागले.

उरला तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, आणि तोच आमच्या सोयीचा निघाला. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येत असल्यामुळे हॉटेल गोव्यात असूनही तक्रार बेळगावात दाखल करता आली. तक्रारीची फी मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती लागतच नाही. आमचे बिल त्याच्या आत होते. ते बिल थोरल्या दादांनी एकट्याने भरले होते, त्यामुळे बाकीचे ‘ग्राहक’ कसे, हा हॉटेलचा पहिला आक्षेप. पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच, असे कलम 2(7) मध्ये स्पष्ट असल्यामुळे तो टिकला नाही. दुसरा आक्षेप अधिक चतुर होता. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती इतरांना उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आम्ही मांडले होते. त्यावर ‘आम्ही उघड केली नाही, आमच्याकडे चोरी झाली’ असे उत्तर आले. म्हणून वकीलसाहेबांनी सारा भर सेवेतील त्रुटीवर दिला. मुक्काम संपल्यानंतर आधारचे फोटो ठेवून घेण्याचे कारण काय, या प्रश्नाला हॉटेलकडून शेवटपर्यंत सरळ उत्तर मिळाले नाही.

खरी कसरत होती ती सर्वांना एका तक्रारीत बसवण्याची. कलम 35(1)(क) नुसार आयोगाच्या परवानगीने काही ग्राहक सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतात, मात्र सर्वांचे हित एकसारखे असले पाहिजे. आतेभावाचे गेलेले पैसे त्यात घातले असते, तर ‘प्रत्येकाचे नुकसान निराळे’ एवढ्यावरच परवानगी अडली असती. म्हणून समूहाच्या तक्रारीत प्रत्येकी सारखी भरपाई आणि ओळखपत्रांच्या सर्व प्रती नष्ट केल्याचे शपथपत्र एवढेच मागितले, आणि आतेभावाची तक्रार वेगळी ठेवली. पुढे उभे राहणारे तक्रारदार सगळे बेळगावचे निवडले, म्हणजे चंदगड महाराष्ट्रात आहे, यावरून वाद नको. चंदगडच्या आत्या तर सहीलाच तयार नव्हत्या. “माझं काय गेलंय, म्हणून मी कोर्टात भांडू?” असा त्यांचा सवाल होता. इंग्रजी मसुदा वकीलसाहेबांनी परिच्छेदागणिक मराठीत समजावून सांगितला, तेव्हा कुठे त्यांनी पेन हातात घेतले.

परवानगी मिळाल्यावर जाहीर नोटीस द्यावी लागते. ती एका कन्नड आणि एका मराठी दैनिकात दिली आणि खर्च आम्ही वर्गणी काढून भागवला. वकिलांच्या फीपेक्षा हाच खर्च अधिक बोचला. नोटीस वाचून त्याच हॉटेलात उतरलेली निपाणीची दोन कुटुंबे आम्हाला येऊन मिळाली, आणि मला वाटते, हॉटेलची भाषा मवाळ झाली ती त्यानंतरच. प्रकरण मध्यस्थीकडे गेले. ठरलेली रक्कम आमच्या मागणीपेक्षा बरीच कमी आहे. पण प्रती नष्ट केल्याचे शपथपत्र मिळाले, आणि ते मला रकमेपेक्षा मोलाचे वाटते. अशा तक्रारीत तडजोड करायची तर सर्व संबंधितांना पुन्हा नोटीस द्यावी लागते. या खेपेस तो खर्च हॉटेलने सोसावा, अशी अट आम्ही घातली आणि त्यांनी ती मान्य केली.

आतेभावाची तक्रार दोन वर्षांच्या मुदतीत दाखल झाली असून ती अजून चालू आहे. ओटीपी त्याने स्वतः सांगितला, हा हॉटेलचा बचाव आहे. फोन करणाऱ्याला खोलीचा क्रमांक कुठून कळला, हा आमचा प्रश्न आहे, आणि बुकिंग यंत्रणेच्या नोंदी हजर कराव्यात यासाठीच्या आमच्या अर्जावर पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे.