तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मन माणसं तुटक असतात का?

सुट्टीत पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "काय गं, जर्मन माणसं फार तुटक असतात ना?" या वेळी आतेबहिणीने विचारलं, कारण तिचा मुलगा श्टुटगार्टला शिकायला निघालाय. तिथे बारा वर्षं काढूनही उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

तुटक नसतात. पण मलाही आधी तसंच वाटायचं, आणि ते एका केकवरून.

तिथे रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमाराला कॉफी आणि केकला बोलावतात. शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी मला बोलावलं होतं. सप्टेंबर महिना, घरी केलेला ताज्या प्लमचा केक. एक तुकडा संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणखी?" मी "नको" म्हटलं आणि वाट बघत राहिले, "अगं घे गं, एवढासा तर आहे" या वाक्याची. ते वाक्य आलंच नाही. केक झाकून आत गेला. मी भुकेली घरी आले आणि रात्री आईला फोन करून रडले.

पुढच्या होळीला मी त्यांना पुरणपोळी खायला बोलावलं. दोन खाऊन त्यांनी "नको" म्हटलं, मी तिसरी वाढली. पुन्हा "नको" म्हटलं, चौथी वाढली, वर तूप. त्यांनी खाल्ली. दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी दोनदा नको म्हटलं, ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?" रागाने नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी समजावलं, आमच्याकडे पहिलं 'नको' रीतीचं असतं, दुसरं संकोचाचं. खरं 'नको' कुठलं, ते वाढणाऱ्याने ओळखायचं असतं. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आणि ज्याला खरोखरच नको असेल, त्याने काय करायचं?"

मला बाबा आठवले. मधुमेह झाल्यावर लग्नाच्या पंगतीत ते पानावर हात आडवा धरायचे, आणि तरी कुणीतरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचंच. वाढणाऱ्याची माया खरी होती. पण बाबांचा शब्द कुणी ऐकला नव्हता, हेही खरं. शेजारच्या बाईंनी माझा ऐकला होता. केक झाकला तो मला मोठी, स्वतःचं स्वतः ठरवणारी बाई समजून. त्याला मी तुटकपणा म्हणत होते.

(भाच्यासाठी एक: कुणी काही देऊ केलं आणि नुसतं 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हटलं, तरी त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नको' असाच घेतात. हवं असेल तर 'हो, आवडेल' असं स्पष्ट म्हणायचं. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नकोस, तिथे ते अशुभ मानतात.)

मला सगळ्यात अवघड गेलं ते हाक मारणं. आपल्याकडे अनोळखी माणूससुद्धा काका, मावशी, दादा होऊन जातो. तिथे ही सोय नाही. आडनावाआधी 'फ्राउ', म्हणजे श्रीमती, लावून 'झी' म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही', नाहीतर थेट पहिलं नाव आणि 'डू', म्हणजे 'तू'. परक्या म्हातारीला 'ओमा', आजी, म्हटलं तर तिला ते उद्धट वाटू शकतं. 'तू'वर यायचं तेही मोठ्याने म्हणायचं असतं. दोन वर्षांनी एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी माझ्यापुढे हात केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "आता आपण डू म्हणू या." तिथे हा मान असतो, हे मला कळत होतं. पण सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना.

शेवटी मी सांगून टाकलं. आमच्याकडे घरातल्या म्हाताऱ्या बाईला आजी म्हणतात, आणि आजीला आम्ही 'तू'च म्हणतो. तो शब्द त्यांनी तीन-चारदा म्हणून पाहिला, 'आ' लांबवत.

परवा पुण्याच्या पत्त्यावर तिचं पोस्टकार्ड आलं. मजकूर जर्मन, बागेतल्या प्लमबद्दल. खाली सहीच्या जागी रोमन अक्षरांत 'आजी' लिहिलंय.