स्थळप्रत

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माणसाने कॉम्प्युटरला हात लावू नये. हे मला पूर्ण पटलेलं आहे, आणि तरी मी लावतेच.

परवा लॅपटॉपने जागा संपत आल्याची लाल पट्टी दाखवली. कुठली जाडजूड फाइल उडवता येईल म्हणून बघायला गेले, तर पहिल्याच ओळीत चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीचं शूटिंग. 6.2 जीबी. अष्टवर्गापासून भिक्षावळीपर्यंत, मध्ये कुणी नुसतं उभं राहून घाम पुसतंय तेही न कापता. आजवर ते कुणी पुरतं पाहिलेलं नाही, खुद्द बटूनेही नाही. म्हटलं उडवू या, बॅकअप आहेच. डिलीटवर बोट ठेवलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आधी बाहेरची डिस्क जोडून पाहिली.

फोल्डर होतं. 'मुंज' असं नावही होतं. आत शूटिंग नव्हतं.

दर रविवारी दोन वाजता बॅकअप चालतो, चौदा महिने चालतोय. डिस्क जोडायची, निळा दिवा लुकलुकतो, शेवटी हिरवी खूण येते. त्या हिरव्या खुणेखाली बारीक अक्षरात 'एक फाइल वगळली' असं लिहून येत होतं, हे मला परवा कळलं. बाकी सगळं तिथे व्यवस्थित होतं. 2017 सालची लाइट बिलं, गॅस नोंदवल्याचे स्क्रीनशॉट, फुलांवर 'शुभ सकाळ' लिहिलेले एकशे बारा फोटो. ते सगळं डोळ्यात तेल घालून जपलेलं.

मग नेहमीचे उपचार. केबल काढून पुन्हा घातली. ती नाकपुड्या असल्यासारखी रुंद पिन कायम ढिली असते, म्हणून पहिला संशय तिच्यावर. मग दुसऱ्या पोर्टात, निळ्या जिभेच्या. मग फाइल हाताने ओढून टाकली, तेव्हा कुठे कॉम्प्युटर बोलला: फाइल फार मोठी आहे. आता 1 टीबीची डिस्क (कॉम्प्युटर 931 जीबी म्हणतो. कंपनी हजाराने मोजते आणि हा 1024 ने, तागडी तीच, वजनं निराळी), त्यात निम्म्याहून जास्त जागा मोकळी, आणि सहा जीबी मोठी?

भाच्याला फोन लावला.

"अगं मावशी, ती फॅट थर्टीटू आहे. टीव्हीला लावायची म्हणून मीच नाही का करून दिली होती?"

ही फॅट थर्टीटू म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत, 1996 साली विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्यात फाइल केवढी आहे ते लिहायला 32 बिटांचा रकाना ठेवलेला असतो, आणि त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा 4,29,49,67,295. म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. त्यापुढची फाइल आत येऊच शकत नाही, डिस्क कितीही ओस पडलेली असो. सरकारी फॉर्मात आडनावाला चौकोन कमी पडतात, तसलंच हे. कागद हातभर कोरा असतो, पण चौकोन संपले की आडनाव संपलं.

"पण मग मला सांगायचं नाही का त्याने?"

"सांगत होता की. तू वाचत नव्हतीस."

बाबा असते तर एवढंच म्हणाले असते, "पोच घेतलीस का?"

बाबांचं आयुष्य या एका प्रश्नावर चाललं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते नारायण पेठेत राहत होते. पाणी उतरल्यावर घरातली ट्रंक सापडली, आतल्या कागदांचा लगदा झालेला. त्यात त्यांचं नुकतंच हातात आलेलं एस.एस.सी.चं सर्टिफिकेट होतं. त्यानंतर त्यांनी एका प्रतीवर कधीच विश्वास ठेवला नाही. कुठलाही अर्ज दोन प्रतींत. वरची कचेरीत द्यायची, खालच्या स्थळप्रतीवर आवक कारकुनाचा शिक्का आणि तारीख घ्यायची, घरी येऊन पंच करून फाइलला लावायची.

कार्बन लावायचं काम माझं. कोरा कागद, त्यावर कार्बन, त्यावर कोरा कागद, कडा जुळवून टाचणी. आठ-नऊ वर्षांची असेन, पाणीपट्टी जास्त आल्याचा अर्ज होता. बाबा खाली पाटावर बसून, बॉलपेन दाबदाबून, दोन पानं लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी टाचणी काढली आणि स्थळप्रत उचलली. कोरीच्या कोरी. मी कार्बन उलटा लावला होता. चकचकीत बाजू वर. सगळं अक्षर मूळ अर्जाच्या पाठीवर उमटलं होतं, उलटं.

मी आतल्या खोलीत पळायच्या बेतात. बाबांनी तो कागद उचलला, दाढीच्या आरशासमोर धरला आणि आरशात बघून मोठ्याने वाचायला लागले, "महोदय, वरील विषयास अनुसरून..." शेवटच्या 'आपला विश्वासू'पर्यंत वाचला. मग दुसरे कागद घेऊन दोन्ही पानं पुन्हा लिहिली. कार्बन या वेळी स्वतः लावला.

भाच्याच्या सांगण्यावरून परवा डिस्क फॉरमॅट केली, एनटीएफएस नावाच्या दुसऱ्या पद्धतीने, तिच्यात हा चौकोनांचा तुटवडा नाही. त्याआधी त्यातला माल दुसरीकडे हलवला, हलवल्यावर दोनदा उघडून पाहिला, कारण 'यातलं सगळं पुसलं जाईल' असं वाक्य आलं की माझा हात थंड पडतो. आता मुंज डिस्कवर आहे. वाजवून पाहिली, भिक्षावळीपर्यंत आहे. लॅपटॉपवरून मात्र अजून काढलेली नाही.

डिस्क पुन्हा कपाटात ठेवताना बाबांची फाइल हाताला लागली. स्थळप्रतींची अक्षरं जांभळट, भुरकट झालीत. घरात त्यांचं जेवढं अक्षर आहे ते जवळजवळ सगळं कार्बनचं. पेनाचं होतं ते कुठल्या कुठल्या टेबलांवर गेलं. फाइलच्या तळाशी पाणीपट्टीचा तो वाया गेलेला अर्ज आहे, दोन्ही पानं. तेवढंच काय ते पेनाचं.