मध्य जागेवर हवा

मंगळवार, सरावानंतर

उभ्याने धरलेली एअर रायफल हलणारच. छातीत ठोके आहेत, पायांत तोल सावरणं आहे. हलण्याचा मध्य लक्ष्याच्या मध्याशी जुळतोय का, एवढंच बघायचं. नाहीतर हाताने ओढून जुळवावं लागतं आणि ट्रिगरच्या क्षणी हात सैलावला की छर्रा मूळच्या दिशेला जातो.

हिशेब निर्दय आहे. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधलं अंतर ८० सेमी धरलं, तर पुढची साइट ०.२ मिमी सरकताच १० मीटरवर छर्रा २.५ मिमी सरकतो. म्हणजे लक्ष्यावरची अख्खी एक रिंग.

म्हणून आधी पाय. पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे, डोळे उघडायचे. उजव्या हाताच्या नेमबाजाची नळी उजवीकडे गेलेली दिसली तर हात लावायचा नाही. डावा पाय जागेवर ठेवून उजवा पाय बोटांच्या दिशेने किंचित पुढे. डावीकडे गेली तर उलट. किंचित म्हणजे खरोखर किंचित, सेंटीमीटरभर फार होतं. पुन्हा डोळे मिटून तपासायचं, आणि शॉटच्या मालिकेच्या मध्येही, कारण पाय थकले की कंबर नकळत वळते.

वजन हाडांवर जायला हवं: डावं कोपर कंबरेच्या हाडावर, कंबर लक्ष्याकडे थोडी पुढे. दंड ताठ झाला की स्नायू काम करू लागले असं समजावं.

श्वास अर्धा सोडून थांबायचं, ट्रिगरचा पहिला टप्पा, म्हणजे बोट अडेपर्यंतचा हलका ओढा, आधीच घेतलेला. पाच ते आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर रायफल खाली. इथेच बहुतेक गुण सांडतात: नेम छान दिसतोय म्हणून आणखी थोडं थांबायचं, मग नजर अंधुक होते आणि ट्रिगर झटक्यात ओढला जातो. खाली घेतलेला शॉट वाया जात नाही, हे पटायला फार वेळ लागतो.

शॉटनंतर सेकंदभर तरी साइटमधूनच बघत राहायचं. छिद्रं उभ्या रेषेत पसरली तर श्वास किंवा गालाचा दाब, आडवी पसरली तर पाय.

घरी ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगरचा सराव, समोर कोरी भिंत. नेमायला काही नसलं की बोट काय करतं ते स्वच्छ कळतं. नळी रिकामी आहे ना, हे दोनदा बघूनच. आणि रायफलीत ड्राय फायरची सोय नसेल तर रिकामी चालवू नये. स्प्रिंगच्या रायफलीचा पिस्टन त्यानेच बिघडतो.