पंख अंगावर चढवून चालायचं अंतर

बुधवार, रात्री

जेवणं झाली, भांडी झाली आणि मी परत मोबाईलवर हैदराबादचा नकाशा उघडून बसले. कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक आणि त्यांतल्या पात्रांच्या चाहत्यांचा मेळावा, हायटेक्स या प्रदर्शनाच्या जागी भरतं, माधापूर-कोंडापूरच्या अंगाला. तिथून चालत जाता येईल अशी खोली हवी, हा विषय घरात निघाल्यापासून रोज कुणी ना कुणी त्यावर बोलतंच आहे.

आज मामीचा फोन आला. "काचीगुड्याला आत्याआजीचं घर हाय की. हॉटेलाला पैसे कामून घालायलीस?"

तिचं म्हणणं वावगं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हैदराबादेत भाड्याची खोली घ्यायची ही गोष्टच पटत नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. शिक्षण, नोकरी, कोर्टाचं काम, सगळं तिकडेच. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत जुनी मराठी घरं आजही आहेत. विवेकवर्धिनीसारखी मराठी माणसांनी उभी केलेली शाळा आहे. नांदेड रेल्वे विभाग ज्या दक्षिण मध्य रेल्वेत येतो तिचं मुख्यालय अजून सिकंदराबादलाच आहे. आमच्या घरात 'हैदराबादला चाललो' म्हटलं की पुढचा प्रश्न 'कोणाकडं उतरणार?' हाच असतो. आणि आत्याआजी मायेची आहे. आपण पोचायच्या आधी तिची खिचडी आणि खट्टा तयार असतो.

पण काचीगुडा ते हायटेक्स वीसेक किलोमीटर आहे. मेट्रोनं जायचं तर अमीरपेटला गाडी बदलायची, पुढं हायटेक सिटीला उतरायचं आणि तिथूनही रिक्षा करायची. नुसतं फिरायला जाणाऱ्याला यात काही जड नाही. आम्ही पंख घेऊन जाणार आहोत. मामेभाऊ तिथं पात्राचा वेश करून जातो, त्याला कॉस्प्ले म्हणतात.

मामेभावाचे पंख म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. ईव्हीए फोमच्या शीटमधून एकेक पीस वेगळं कापलंय. हीट गननं तापवून हातानं बाक दिलाय. मधली शीर उठून दिसावी म्हणून तापवलेल्या फोमवर चमच्याच्या दांड्यानं रेघ ओढलीय. पिसं खाली मोठी आणि वर लहान होत जातात, कौलांसारखी एकावर एक बसवलीत. आत पीव्हीसी पाइपचा सांगाडा आहे आणि जुन्या दप्तराचे पट्टे काढून खांद्याला लावलेत. जोड सगळे एसआर ९९८ नं चिकटवलेत. तो गोंद दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकू द्यावा लागतो, मग एकदाच नीट दाबायचा. एकदा बसला की सहसा सुटत नाही, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सामान राहिलं तर जोड मऊ पडतात. पंख उघडले की तो आमच्या घराच्या दारातून सरळ आत येऊ शकत नाही, आडवं व्हावं लागतं. रिक्षात हे बसणार नाहीत. गर्दीच्या मेट्रोत घेऊन शिरलं तर दुसऱ्याच्या डोळ्याला लागेल याचीच धास्ती.

मागच्या खेपेला आम्ही काचीगुड्यालाच होतो. पंख सुटे करून पोत्यात बांधून नेले आणि हायटेक्सच्या पार्किंगमध्ये जमिनीवर बसून जोडले. दुपारी एक पट्टा निसटला. शिवायला सुई-दोरा घरी, आणि घर शहराच्या त्या टोकाला. बाकीचा दिवस त्यानं पंख काखेत धरून काढला. कुणी फोटो मागितला की एका हातानं ते वर उचलून धरायचा.

गुरुवार, दुपार

दुकानात गिऱ्हाईक कमी होतं. आमचं दुकान नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला आहे, हातातली कडी, रुमाल, तसबिरी विकतो. त्यामुळे खोलीच्या अंतराबद्दल माणसं काय विचारतात ते लहानपणापासून ऐकत आलेय. पंजाबातून आलेली वयस्कर माणसं भाव विचारायच्या आधी विचारतात, "इथून पायी किती?" इथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीचं पाणी गागरीत भरून आणतात, त्यानं तख्त साहिब धुतात. ज्याला ते बघायचं आहे त्याला गावाबाहेरची चकाचक खोली कामाची नाही. त्याला अशी खोली हवी की मध्यरात्रीनंतर उठून अंघोळ करून शाल पांघरून निघालं की पोचलं. दुपारी लंगर झाल्यावर पाठ टेकायला परत, संध्याकाळी पुन्हा दर्शनाला. जवळच्या खोलीचे जास्तीचे पैसे ते कुरकुर न करता देतात, कारण ते ज्यासाठी एवढ्या लांबून आलेले असतात ते त्यांना पुरेपूर मिळतं.

मला कॉमिक कॉनसाठी नेमकं हेच हवंय. हे मी मामीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग तसं सांगायचं की आधी."

गुरुवार, रात्री

चाहत्यांच्या या मेळाव्यांचा इतिहास वाचत बसले आणि झोप उडाली. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं वर्ल्डकॉन भरलं. तिथं फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून आले. कपडे मर्टलनं स्वतः शिवले होते. आज आपण जे करतो त्याची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. माझ्या मामेभावाचं नातं घरी मशीनवर बसलेल्या त्या बाईपर्यंत पोचतं, याचा मला फार आनंद झाला.

आणि सॅन डिएगो! तिथलं पहिलं कॉमिक कॉन १९७० साली यू. एस. ग्रँट या हॉटेलातच भरलं होतं. जमणारी माणसं काही शेच. पुढं बरीच वर्षं ते एल कॉर्टेझ हॉटेलात होत असे. म्हणजे राहायची जागा आणि मेळाव्याची जागा एकच. चित्रकार, लेखक, वाचक एकाच जिन्यानं चढत-उतरत होते. १९९१ पासून ते मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये गेलं, आता लाखाच्या वर माणसं येतात आणि जवळच्या हॉटेलातल्या खोल्यांसाठी अर्ज करून नंबर लागायची वाट बघावी लागते. अटलांटाच्या ड्रॅगन कॉननं मात्र जुनी रीत सोडलेली नाही. १९८७ पासून चालू असलेला हा मेळावा आजही मुख्यतः शहराच्या मध्यातल्या मोठ्या हॉटेलांमध्ये भरतो. त्यातली काही हॉटेलं वरच्या वर पुलांनी जोडलेली आहेत. चिलखत घातलेला माणूस लिफ्टमधून निघून पुलावरून थेट पुढच्या हॉटेलातल्या कार्यक्रमाला जातो, रस्त्यावर पाऊलही टाकत नाही.

आपल्याकडे तसं नाही. दिल्लीला २०११ साली दिल्ली हाटमध्ये पहिलं कॉमिक कॉन झालं, तेव्हापासून आपण हॉल, मैदानं, प्रदर्शनाच्या जागा यांतच भेटतो. हायटेक्सच्या शेजारी नोव्होटेल हॉटेल आणि एचआयसीसी हे कन्व्हेन्शन सेंटर आहे, तिथून दोन पावलांवर सगळं. पण ते भाडं आमच्या आवाक्यातलं नाही. आम्हाला आजूबाजूच्या गल्ल्यांतलं साधं लॉज किंवा छोटं हॉटेल बघायचंय.

शुक्रवार

आज फोनच फोन. हॉटेलांच्या यादीत 'हायटेक्सपासून दीड किलोमीटर' असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊन उपयोग नाही. ते अंतर पुष्कळदा सरळ रेघेचं असतं आणि रेघ आवाराच्या मधोमध जाऊन टेकते. हायटेक्सचं आवार अफाट मोठं आहे, आत जायचं ते फाटकातून. म्हणून नकाशावर आधी फाटक शोधायचं, मग चालणाऱ्या माणसाचं चिन्ह दाबून तिथपर्यंतची वाट बघायची. मोटारीची वाट आणि पायवाट यांत पुष्कळ फरक पडतो, मध्ये मोठा रस्ता ओलांडायचा असला तर जास्तच. २०२२ पासून स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशावर रस्त्याचे खरे फोटो बघायची सोय, आपल्याकडे आलीय, त्यात हैदराबाद आहे. त्याच्यावर मी आज संध्याकाळी अख्खा रस्ता चालून आले. फुटपाथ कुठं संपतो, कुठं झाडाच्या फांद्या खाली आल्यात, सगळं बघितलं. चित्रं जुनी असू शकतात, पण फांदीची उंची पंखांना महत्त्वाची.

माणूस साधारणपणे बारा-पंधरा मिनिटांत एक किलोमीटर चालतो. फोमचे बूट, मुखवटा आणि पंख घेऊन त्याच्या दुप्पट धरायचं. मुखवट्यातून खालचं नीट दिसत नाही, म्हणून पुढं एक माणूस लागतो, ते काम माझं. हा हिशोब करून मी ठरवलं, फाटकापासून एक किलोमीटरच्या आत. त्याच्या पलीकडचं हॉटेल कितीही छान असलं तरी यादीतून बाद.

बाकी विचारलं ते असं. लिफ्ट आहे का आणि तिचं दार केवढं? जिना वळणाचा आहे का? गाडी सकाळी पोचली आणि खोली दुपारी बाराला मिळणार असेल तर सामान कुठं ठेवू देतील? मोठा आरसा? हीट गन चालेल असं पॉइंट खोलीत आहे का, की एसीच्याच पॉइंटवर भागवायचं? एका ठिकाणचा माणूस हीट गन ऐकून घाबरला, त्याला वाटलं खरी बंदूक. मी सांगितलं, केस वाळवायच्या मशीनसारखी असते, गरम हवा येते. मग तो हसला आणि पंखांचा फोटो पाठवायला सांगितला. तिथल्या तिथं त्यानं लिफ्टचं दार टेप लावून मोजलं आणि आकडा कळवला. ज्यानं न सांगता उठून माप घेतलं त्याचं हॉटेल माझ्या मनात तेव्हाच पक्कं झालं.

आणखी एका ठिकाणी गाडी अडली. आधारकार्डावर आमची आडनावं वेगळी, मी त्याची आत्तेबहीण. "एकाच खोलीत कसं काय?" असा प्रश्न ज्या सुरात आला तो मला आवडला नाही. फोन ठेवला. आई शेजारीच ऐकत होती. म्हणाली, "मीच येते तुमच्यासंगं. मला बी बघू दे काय असतंय ते." आईला हे सगळं बघायचंय हे मला माहीतच नव्हतं. आता तिघांची खोली, जादा गादी टाकून, रात्रीला अडीच हजार. दुकानातून दर महिन्याला बाजूला काढलेले पैसे यासाठीच होते. पोस्टर आणि मूर्ती यंदा कमी घेऊ.

तिकिटाचे नियमही आजच वाचायला घेतले. बाहेर पडून पुन्हा आत येता येतं का, हातातला पट्टा काढायचा नाही का, मोठ्या सामानाची आणि खोट्या हत्यारांची तपासणी कुठं होते, हे आधी कळलं तरच जवळच्या खोलीचा फायदा.

शनिवार, सकाळी

मामेभाऊ आला होता. त्याला खोली ठरल्याचं सांगितलं तर त्यानं पहिल्यांदा विचारलं, "तिथं दुसरे कॉस्प्लेवाले पण उतरत असतील का?" त्याच्या वर्गात याची आवड असलेलं कुणी नाही. पंख करतोय हे त्यानं शाळेत सांगितलेलंही नाही. गावात आमच्या गल्लीतले लोक प्रेमानं विचारतात, पण तो उत्तर द्यायला लाजतो. मागच्या खेपेला हायटेक्सच्या फाटकाबाहेर मी पाहिलं होतं, आसपासच्या हॉटेलांमधून पोरं-पोरी वेश करून निघाली होती, एका वळणावर पाचसहा जण एकमेकांना अनोळखीच, पण एकमेकांची शिवण बघत, बकल कुठून आणलं विचारत सोबत चालत होती. आम्ही तेव्हा गाडीतून उतरून पोतं सोडत होतो. त्या चालण्यात त्यानं असावं असं मला फार वाटतं. स्टेजवर जाण्याआधीची त्याची भीती तिथंच निम्मी जाईल. आणि आत जीव घाबरा झाला, गर्दी नको वाटली, तर वीस मिनिटांत खोलीवर येऊन पंख उतरवून, पाणी पिऊन, पंख्याखाली पडून पुन्हा जाता येईल. अर्धा तास दम खाऊन परत जायची सोय असली की पोरगं दिवसभर टिकतं.

मी त्याला म्हटलं, "असतील. लिफ्टमध्येच भेटतील बघ."

आत्याआजीलाही फोन केला. ती रुसली होती, पण बरीच विचारपूस केली. ठरलं ते असं की मेळावा संपल्यावर सामान घेऊन तिच्याकडे जायचं, एक रात्र राहायचं आणि तिथूनच परत निघायचं. काचीगुड्याहून नांदेडकडे गाड्या सुटतातच. तिला पंख घालून दाखवायचं त्यानं स्वतःहून कबूल केलंय.

जाताना सिकंदराबादला उतरायचं. तिथून सिकंदराबाद ईस्टची मेट्रो न बदलता थेट हायटेक सिटीला जाते, पुढं रिक्षा. जाताना पंख सुटेच असतील, खोलीवर जोडायचे. दुरुस्तीच्या डब्यात सुई, जाड दोरा, गोंदाची छोटी डबी, दोन जादा पट्टे आणि बकल. आई म्हणतेय धपाटे बांधून घेऊ, पहिल्या दिवशी बाहेरचं खायला नको. रेल्वेची तिकिटं आज दुपारी काढते.