टेप मागे नेऊन पुन्हा शूट करायचो तेव्हा

आमच्या ग्रुपची पहिली फिल्म हाय-एटवर (छोट्या व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड करणारा जुना कॅमेरा) झाली. एडिटिंगला काहीच नव्हतं म्हणून कॅमेऱ्यातच एडिट करायचो, म्हणजे सीन ज्या क्रमाने दिसणार त्याच क्रमाने शूट करायचे आणि टेक चुकला की टेप मागे नेऊन, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून नेमक्या जागी पॉज करून त्याच्यावरच पुन्हा रेकॉर्ड. जरा जास्त मागे गेलं की आधीच्या शॉटचं शेवटचं वाक्य पुसलं जायचं, कायमचं. जीव अक्षरशः टांगणीला लागायचा!

मग मिनीडीव्ही (छोटी डिजिटल टेप, फॉरमॅट १९९५ चा, आमच्या हातात यायला बराच वेळ गेला). फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर घ्यायचं तर ६० मिनिटांच्या टेपला ६० मिनिटंच लागणार, आणि तासाला साधारण १३ जीबी, त्यामुळे एक सीन पूर्ण करून परत टेपवर उतरवायचा, हार्ड डिस्क रिकामी करायची, मग पुढचा. आवाजाने मात्र शेवटपर्यंत छळलं, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये टेप फिरायची घरघर यायचीच. वेगळा माइक लावा, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

ती पहिली टेप अजून जपून ठेवलीये. एका शॉटच्या शेवटी मित्र कॅमेऱ्याकडे बघून "झालं का?" विचारतो आणि तिथेच कट.