अँटेना उपसली आणि रेडिओ बंद पडला

पाऊस सरता सरता रत्नागिरीत आमच्या गॅरेजकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार कामाला आली. मूळ रेडिओच्या जागी ब्लूटूथवाला नवा सेट. हळू आवाजात आकाशवाणी नीट लागायची, पण आवाज चढवला की ढोलकीच्या प्रत्येक थापेला सेट बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. चावी काढली की लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जायची. मालकांनी सेट एकदा बदलूनही पाहिला होता. दुसराही तसाच वागतो म्हटल्यावर दोष वायरिंगमध्येच शोधायचा.

बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. सेट मोठ्या आवाजात चालू ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन सेटच्या पत्र्याला लावली. 1.4 व्होल्ट! तिथे 0.1 च्या वर जाता कामा नये. लाल पिन बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर धरली तर 0.05. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, बॉडी ते सेट घोळ. हे माप लोडवरच, म्हणजे सेट चालू असतानाच घ्यायचं. करंट वाहत नसेल तर ड्रॉप (व्होल्टेजची घट) दिसत नाही आणि कुजलेला जोडही चांगला वाटतो.

मग अँटेनाचा जॅक उपसला. सेट ठार बंद.

"अहो, अँटेनाचा आणि याचा काय संबंध?" मालकांनी विचारलं.

"काका, तुमचा रेडिओ अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची वाट, अँटेनातून घेतोय."

अँटेनाच्या वायरीवरची जाळी बुडाशी बॉडीला टेकलेली असते. सेटची काळी, म्हणजे अर्थची वायर निकामी झाली की सगळा करंट त्या बारीक जाळीतून परततो. हळू आवाजाला पुरतो, थापेला कमी पडतो. काळी वायर डॅशबोर्डमागे रंगावरच स्क्रूने आवळली होती. टेप सोलली तर आत तांबं हिरवं झालेलं, आणि थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, चिमटीत धरताच तारांचा भुगा झाला. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हे हमखास दिसतं. टेपखाली खारी ओल शिरते आणि तारांच्या फटींतून आत चढत जाते, म्हणून बाहेरून वायर धडधाकट दिसते.

नवी 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घेतली. थिंबल आधी क्रिंप (दाबून घट्ट), मग सोल्डर, वर श्रिंक स्लीव्ह. पत्रा चकाकेपर्यंत घासून बोल्ट आणि दातेरी वॉशर आवळला, त्यावर व्हॅसलीन. माप 0.06 वर आलं.

स्टेशनं पुसली जायची कारण पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून इग्निशनला जोडली होती. पिवळी मेमरीची, ती थेट बॅटरीवर, 10 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. लाल चावीच्या लाइनवर. दोन्ही बॅटरीवर टाकणारेही भेटतात. त्यांची बॅटरी उभ्या गाडीत बसते. निळी वायर फक्त ॲम्प्लिफायरला इशारा देण्यापुरती, तिच्यावर दुसरं काही चालवू नये.

जुन्या स्पीकरची एक तार बॉडीला असायची, तीही मी सोडवली. हल्लीच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सुमारे 6 व्होल्ट असतात. एक जरी बॉडीला लागली तरी आतला ॲम्प्लिफायरचा आयसी (चिप) जाऊ शकतो. नवा सेट बसवणाऱ्याने सगळ्यात आधी हेच तपासावं असं माझं ठाम मत आहे, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही महागात पडते.

उरली स्पीकरमधली, इंजिनाबरोबर वाढणारी टकटक. अँटेना काढल्यावरही ती येत होती, म्हणजे पॉवरच्या वायरीतून. इग्निशन कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलला 1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला आणि ती गेली. पॉइंटकडच्या (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काकडच्या) टर्मिनलला हा लावायचा नाही, स्पार्क बिघडतो. डायनॅमोची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची) शिट्टी ऐकू आली तर असाच एक कंडेन्सर त्याच्या आउटपुटवर लावावा, फील्डच्या टर्मिनलला कधीच नाही.