तुम्ही विचारलेत म्हणून : फ्रँक वॉल यांचे नाव मी का घेतो

सापांवर बोलायला जातो तेथे कोणीतरी विचारतेच, की आपल्या कातकरी-ठाकरांना साप पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असताना वॉल नावाच्या गोऱ्या लष्करी डॉक्टरचे एवढे कौतुक कशाला. आजवर दोन वाक्यांत वेळ मारून नेली. आता सविस्तर लिहितो.

श्रीलंकेत १८६८ साली जन्मलेले वॉल १८९३ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले आणि जेथे बदली होई तेथले साप तपासत राहिले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात १९०५ पासून १९१९ पर्यंत त्यांची सामान्य भारतीय सापांवरील लेखमाला चालली. विषारी साप खवल्यांवरून कसा ओळखावा, हे त्यांनी डॉक्टर नसलेल्यालाही कळेल असे मांडले : वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्यालाही भिडतो आणि नाकपुडीच्या खवल्यालाही, तो नाग किंवा पोवळा साप.

हे मला का महत्त्वाचे वाटते, ते एका पावसाळ्यातल्या सकाळी कळले. आमच्या शेजारच्या वाडीत जमिनीवर झोपलेल्या एका तरुण मजुराच्या पोटात पहाटे कळ उठली. अंगावर सूज नव्हती, दंशाची खूणही धड दिसत नव्हती. घरात मारलेला साप अंगणात पडला होता; डोके काठीने चेचलेले, त्यामुळे ओठांचे खवले पाहण्याची सोयच उरली नव्हती. काळसर अंगावर पांढरे पट्टे पाहून जाणत्या माणसांनी कवड्या म्हणून निर्वाळा दिला, आणि कवड्या बिनविषारी, म्हणून सगळे निवांत होते. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. साप उचलून पाहिला, तर पाठीच्या मधल्या रांगेतले खवले बाजूच्या खवल्यांहून ठळक मोठे आणि षट्कोनी होते, शेपटीखालचे खवले अखंड होते. कवड्याचे ते दुभागलेले असतात. पट्टेही मानेकडे पुसट आणि शेपटीकडे दाट होते. ती मण्यार होती. त्याला तालुक्याला नेले, पण तो वाचला नाही.

त्या जाणत्यांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांनी रानात जिवंत साप माझ्याहून कितीतरी अधिक पाहिले आहेत आणि चालीवरून ते साप ओळखतात, जे मला आजही जमत नाही. मात्र त्या अंगणात वाद झाला असता, तर तो वयाच्या आणि मानाच्या जोरावर मिटला असता. शेपटी उलटी करून दाखवता येईल अशी खूण हाती असली, की बारा वर्षांचे पोरही म्हाताऱ्याला थांबवू शकते. वॉल यांचे ऋण मी मानतो ते एवढ्यासाठी.

हे ज्ञान मारलेल्या सापांवर आणि निनावी हातांवर उभे आहे, हा तुमचा दुसरा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. त्यांनी शेकडो मेलेल्या सापांची पोटे फाडून भक्ष्य, अंडी, पिलांचा हंगाम नोंदवला. साप आणून देणाऱ्या कितीतरी हातांना त्या पानांत नाव मिळाले नाही. ज्ञानासाठी ते अटळ होते, असे मी पूर्वी ठामपणे सांगत असे. आता तसे म्हणवत नाही, आणि ती पाने मिटूनही ठेववत नाहीत.

शिवाय आजचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर एकत्रच चालते, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात, म्हणून साप मारून दवाखान्यात नेऊच नये, हे मीच गावोगाव सांगतो. मग खवले कशाला शिकवायचे, असे तुम्ही म्हणाल. “कवड्या आहे, झोप जरा” असे कोणी म्हणण्याआधी निदान एक माणूस तेथे असावा, म्हणून शिकवतो.